गवताळ माळाला कायद्यात जागा

मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात, झाशीच्या वाटेवर, करेरा नावाचं गाव आहे. 1981 साली या गावाच्या आसपासचा सुमारे 202 चौरस किलोमीटरचा उघडा मुलूख माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पक्षी तिथे होता, विणीला येत होता. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी आणि त्यांचे सहकारी तिथे मुक्काम ठोकून त्याच्या नोंदी घेत होते. पण अभयारण्याच्या हद्दीत शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी होत्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली. संरक्षण मिळाल्यावर काळविटं वाढली, त्यांचे कळप उभ्या पिकात शिरू लागले. अडीनडीला जमीन विकता येईना आणि पेरलेलं घरात येईना. हा सगळा राग माळढोकावर निघाला, ज्याने कुणाचं काही खाल्लं नव्हतं. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातला माळढोक संपला. पुढे कित्येक वर्षं पक्ष्याविना नुसतं अभयारण्य उरलं, आणि अखेर तेही रद्द झालं.

करेऱ्याची हकिगत सुरुवातीलाच सांगतो, कारण या संग्रहातले बहुतेक लेख कुठल्या ना कुठल्या वाटेने तिच्यापाशी येतात. कोरडा, गवताळ, वाळवंटी मुलूख वाचवण्यासाठी आपल्याकडे कायद्याचे जे प्रयत्न झाले, ते एखाद्या पक्ष्याच्या किंवा प्राण्याच्या नावावर झाले. पक्षी आहे तोवर जमिनीला संरक्षण. पक्षी गेला की जमीन पुन्हा मोकळी. माळ स्वतःच, त्याच्या पवन्या-कुसळीसकट, लांडगे-खोकडांसकट, त्यावर चरणाऱ्या मेंढरांसकट आणि मेंढपाळांसकट राखण्याजोगा आहे, असं मानणारा कायदा आपल्या देशात नाही. तो व्हावा, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

हे मी खजरान्यातून लिहितो आहे, त्यालाही थोडा अर्थ आहे. अहिल्याबाईंनी बांधलेल्या गणपतीच्या देवळामुळे खजराना सगळ्या माळव्याला ठाऊक आहे. हे एकेकाळचं इंदूरबाहेरचं गाव; आता शहराने त्याला केव्हाच पोटात घेतलं. वाळवंट इथून लांब आहे, पण माळ लांब नाही. रतलामच्या पुढचं सैलाना आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर ही तणमोर या पक्ष्याची दोन अभयारण्यं इंदूरहून काही तासांच्या अंतरावर आहेत. शिवाय आम्हा इंदूरच्या मराठी माणसांचं माळाशी जुनं नातं आहे. मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, धनगराच्या घरातले. लहानपणी खानदेशात तळोद्याला मामाकडे मेंढरं राखलेले. अहिल्याबाईंचं माहेर जामखेड तालुक्यातलं चौंडी, म्हणजे नगर जिल्ह्याचा ऐन दुष्काळी पट्टा. ज्या घराण्याने माळव्यात राज्य उभं केलं, ते दख्खनच्या उघड्या माळावरून आलं होतं. इंदुरात होळकरांच्या तलवारीबद्दल आणि अहिल्याबाईंच्या घाटांबद्दल खूप बोललं जातं. ज्या जमिनीने ही माणसं वाढवली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

माळव्यात गवताच्या राखीव जमिनीला ‘बीड’ म्हणतात आणि गावाच्या गुरांसाठी सोडलेल्या जमिनीला ‘चरनोई’. संस्थानी काळात बीडं राखली जात; घोडे, बैल, दुधाची जनावरं सगळी तिथल्या गवतावर. पावसाळाभर बीडात गुरं सोडायची नाहीत, गवत पिकलं, बी झडलं की कापायचं, अशी रीत होती. ती तणमोरासाठी घातलेली नव्हती, पण तिच्यामुळे तणमोर जगला, कारण त्याची वीण नेमकी त्याच महिन्यांत असते. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशच्या 1959च्या भू-राजस्व संहितेत निस्तार (म्हणजे गावाच्या रोजच्या सामाईक गरजा) आणि चरनोईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद झाली, कलम 237 मध्ये. कागदावर ती चांगलीच आहे. पण गावाच्या शेतीयोग्य जमिनीच्या साडेसात टक्के चरनोई ठेवण्याचं प्रमाण दिग्विजय सिंह सरकारच्या काळात आधी 5 टक्क्यांवर आणि मग 2 टक्क्यांवर आलं. मोकळी झालेली जमीन भूमिहीन दलित आणि आदिवासी कुटुंबांना द्यायची होती. हा हेतू अन्यायाचा नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. भूमिहीनाला जमीन देताना पहिला हात गावाच्या कुरणाला लागला, मोठ्या जमीनदाराच्या शेताला नाही. माझी तक्रार आहे ती एवढ्यापुरती. त्याच दशकांत सोयाबीन आलं, आणि उरलीसुरली बीडं नांगराखाली गेली.

याच्या मुळाशी महसुली दप्तर आहे. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली ती सारा ठरवण्यासाठी. जिथून सारा येत नाही ती जमीन पडीक. माळरान, वाळूचे धोरे, खुरटी झुडपं, खडकाळ पठारं सगळी त्या एका रकान्यात पडली आणि स्वतंत्र भारताने तो रकाना जसाच्या तसा पुढे चालवला. 2000 साली उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला. त्यातही गवताळ आणि वाळवंटी प्रदेशाचा मोठा भाग पडीक म्हणूनच रंगवला गेला. दुसऱ्या बाजूला 1980चा वनसंरक्षण कायदा आणि त्यावरचा डिसेंबर 1996चा गोदावर्मन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, यांनी जंगलाला भक्कम कवच दिलं. पण जंगल म्हणजे झाडं, ही समजूत कायम राहिली. झाड नसलेल्या माळाला ते कवच क्वचितच पोचतं. उलट ‘हिरवं करा’ म्हणत त्या माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावला जातो आणि माळरानाची ती दुसरी हानी होते. सोलापूर-पुणे पट्ट्यात हे आपण पाहिलं आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या गवत होतं तिथे झाडी उभी राहते, आणि तिथून माळढोक, धाविक आणि काळवीट निघून जातात.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याबद्दल मात्र कृतज्ञतेनेच लिहायला हवं. त्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते एम. के. रणजितसिंह वांकानेरच्या राजघराण्यातले, पण त्यांची नोकरी मध्य प्रदेशातली. मंडल्याचे जिल्हाधिकारी असताना कान्ह्यातला कठीण जमिनीवरचा बारशिंगा वाचवण्यासाठी त्यांनी जे केलं, ते भारतीय वन्यजीव इतिहासात नोंदलेलं आहे. पुढे राज्याच्या वनखात्याची सूत्रं हाती असताना त्यांनी अनेक अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं उभी केली. 1983 साली सैलाना आणि सरदारपूर ही तणमोराची अभयारण्यं झाली. डॉ. सलीम अलींचाही त्यामागे आग्रह होता.

माळव्यात तणमोराला खरमोर म्हणतात. जुलैत पाऊस स्थिरावला की तो येतो. डोक्यामागे पिसांचे तुरे असलेला काळा नर गवतावरून सरळ वर उडी घेतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसात शेकडो वेळा. मादी गवतात, आता बरेचदा सोयाबीनमध्येही, अंडी घालते. ऑक्टोबरपर्यंत सगळे निघून जातात. ते जातात कुठे हे फार काळ कोडंच होतं. अलीकडे राजस्थानात पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलेला एक तणमोर नगर जिल्ह्यात पोचल्याची नोंद झाली आहे, म्हणजे ज्या पट्ट्यातून अहिल्याबाई आल्या तिथेच. एकाच पक्ष्याला अजमेरचा माळ, माळव्यातलं बीड आणि नगरचं कुरण लागत असेल, तर सैलान्याचे 13 चौरस किलोमीटर राखून काम भागणार नाही, हे त्याच्या प्रवासानेच सांगितलं. 2021 पासून तणमोर जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे.

सैलाना आणि सरदारपूर यांची तुलना मला फार बोधक वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. सैलाना लहान आहे आणि त्याचा गाभा सरकारी गवताचा आहे. आसपासच्या शेतात खरमोर दिसला, घरटं दिसलं, की कळवणाऱ्या आणि ते सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला तिथे वनखात्याने बक्षीस द्यायला सुरुवात केली. शेतकरी पक्ष्याचा राखणदार झाला. सरदारपूर अभयारण्य कागदावर 348 चौरस किलोमीटरचं, 14 गावं पोटात घेणारं; प्रत्यक्षात पक्षी यायचा तो पानपुऱ्यासारख्या थोड्या कुरणांत. बाकीच्या गावकऱ्यांना खरमोर कधी दिसला नाही, दिसली ती जमिनीच्या व्यवहारात आलेली अडचण. हद्दीतून वगळा, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षं चालू राहिली. आज दोन्ही ठिकाणी खरमोर कसाबसा टिकून आहे, तेव्हा बक्षिसाने सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. पण एका ठिकाणी माणसं पक्ष्याच्या बाजूला उभी राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. हा फरक हद्द आखणाऱ्यांनी निर्माण केला होता.

नान्नज ही याच गोष्टीची महाराष्ट्रातली मोठी आवृत्ती. सोलापूरजवळच्या या माळावरचा माळढोक लोकांपुढे आणला तो सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी. 1972च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथल्या काही जमिनी चराईसाठी बंद करून त्यांवर गवत वाढू दिलं होतं. माळढोक तिथे स्थिरावला. तोवर सगळं छान होतं. 1979 साली अभयारण्याची घोषणा झाली आणि त्याचं क्षेत्र ठरलं 8,496 चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले, गावं आली, ऊस आला, बाजारपेठा आल्या. एवढं मोठं क्षेत्र सांभाळणं कुणालाही शक्य नव्हतं. लोकांच्या नशिबी नोंदणी कचेरीतल्या खेपा आल्या. ‘माळढोक’ हा शब्द सोलापूर जिल्ह्यात शिवीसारखा वापरला जाऊ लागला. शेवटी हद्द कमी होऊन 1,222 चौरस किलोमीटर झाली, पण तोवर उजनीच्या पाण्यावर ऊस पसरला होता आणि पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. सुरुवातीलाच पाच-दहा खरीखुरी कुरणं घट्ट धरली असती आणि बाकीच्या शेतकऱ्यांना मोकळं सोडलं असतं, तर नान्नज वेगळं दिसलं असतं, असं माझं ठाम मत आहे. या संग्रहातल्या एका लेखकाचं मत याच्या उलट आहे. एवढं मोठं क्षेत्र जाहीर झालं नसतं तर उरलेलं गवतही 1980च्या दशकातच गेलं असतं, असं त्यांना वाटतं. वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात.

आता अस्सल वाळवंटाकडे. जैसलमेर-बाडमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क 3,162 चौरस किलोमीटरचं आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याने ते 1980 पासून अभयारण्यच आहे, कारण आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, खासगी जमिनी आहेत. देशातल्या उरल्यासुरल्या माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. एकूण आकडा दीडशेच्या आत. त्यांच्यावरचं आजचं मोठं संकट म्हणजे विजेच्या तारा. माळढोक 15 किलोपर्यंत वजनाचा, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. आणि तारा वाढतात कारण थर हे सौर आणि पवन विजेचं मोठं केंद्र झालं आहे.

याच प्रश्नावर 2019 साली रणजितसिंह स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्याने कायदा घडवला त्यालाच उतारवयात त्याच्या अंमलबजावणीसाठी दाद मागावी लागली. 19 एप्रिल 2021 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने माळढोकाच्या मुख्य आणि संभाव्य अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली घालाव्यात असा आदेश दिला. त्याची व्याप्ती सुमारे 99,000 चौरस किलोमीटर होती. सरकारचं म्हणणं असं की एवढ्या मुलखात उच्च दाबाच्या तारा पुरणं अशक्य आहे आणि कोळशापासून सुटका करून घ्यायची तर थरची वीज लागणारच. 21 मार्च 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकाचा हक्क घटनेच्या 14 आणि 21व्या अनुच्छेदांत मान्य झाला. निकाल मोठा आहे, आणि मला तो अस्वस्थ करतो. वातावरणातला कार्बन कमी व्हायलाच हवा. पण त्यासाठी जी जमीन मोकळी समजून घेतली जाते, ती मोकळी नसते, ही गोष्ट न्यायालयापुढे पूर्णपणे आली असं वाटत नाही. तिथे ओरण आहेत, देवाच्या नावाने राखलेली चराऊ रानं. देगरायच्या ओरणातल्या माणसांनी तारांखाली मेलेले पक्षी उचलले आहेत आणि आपली जमीन महसुलात ओरण म्हणून नोंदवा म्हणून अर्जही केले आहेत. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानला अशी रानं मोजून त्यांना वनाचा दर्जा देण्यास सांगितलं, हे त्या लोकांच्या चिकाटीचं फळ. मात्र वनाचा दर्जा मिळाल्यावर तिथल्या उंटांच्या आणि मेंढ्यांच्या चराईचं काय होणार, ही त्यांची धास्ती खोटी नाही. माळव्यातही हाच प्रश्न दारात आला आहे: आगर, शाजापूर आणि नीमच जिल्ह्यांत मिळून 1,500 मेगावॅटचे सौर प्रकल्प आहेत, रतलाम-देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत.

अमेरिकेतलं कॅलिफोर्नियाचं वाळवंट या पुस्तकात इतक्या वेळा येतं, त्याचं कारण इथे सांगायला हवं. तिथे मिनर्व्हा हॉइट नावाच्या पॅसाडेनातल्या बाईंनी 1920 आणि 30च्या दशकांत वाळवंटातल्या निवडुंगांची आणि जोशुआ झाडांची प्रदर्शनं शहरांत भरवली, लोकांना वाळवंट पाहायला शिकवलं. त्यातून 1936 साली जोशुआ ट्री राष्ट्रीय स्मारक झालं. 1950 मध्ये खाणींसाठी त्याचा मोठा लचका तोडला गेला. नुसत्या स्मारकाच्या दर्जाने मिळालेलं संरक्षण किती सैल असतं हे तेव्हा कळलं. पुढे वाळवंटासाठी संसदेचा वेगळा कायदाच हवा ही मागणी आली. 1986 साली सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी विधेयक मांडलं. खाणवाले, पशुपालक, मोटारसायकलवाले, लष्कर सगळे विरोधात. ते वर्षानुवर्षं रखडलं. क्रॅन्स्टन निवृत्त झाले, डायॅन फाइनस्टाइन यांनी ते हाती घेतलं, आणि 31 ऑक्टोबर 1994 रोजी क्लिंटन यांनी सही केली. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानं झाली, त्याशिवाय सुमारे 35 लाख एकर सरकारी जमीन रानटी राखण्यासाठी वेगळी काढली गेली. मोजावे मात्र उद्यान झालं नाही, शिकारीची मुभा असलेलं संरक्षित क्षेत्र झालं. ती तडजोड होती, आणि तिच्यामुळेच कायदा मंजूर झाला. तिथेही आज सौर प्रकल्प आणि वाळवंटी कासव यांचा वाद आहे. पण तिथे वाद घालणाऱ्याला वाळवंटाच्या नावाने उभा असलेला कायदा हाताशी आहे. कासव उद्या संपलं तरी मोजावे मोजावेच राहील. अमेरिकेचं सगळं उचलावं असं नाही. तिथल्या मूळ रहिवाशांना ज्या जमिनीवरून हाकललं, तिलाच माणूसविरहित रान म्हणायची खोड त्या कायद्यालाही आहे. ती खोड आपण घेऊ नये.

आपल्या कायद्यात काही चाव्या आधीच आहेत. 2002च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात 36अ आणि 36क ही कलमं आली, संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव क्षेत्रांची. समुदाय राखीव क्षेत्र गावकऱ्यांच्या संमतीनेच होऊ शकतं आणि त्याच्या समितीत ग्रामपंचायतीने नेमलेली माणसं असतात. माळासाठी हा मार्ग फारसा कुणी वापरलाच नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला, पण तो वनजमिनीपुरता. गायरान आणि चरनोईवरचा धनगर त्यात बसत नाही. 28 जानेवारी 2011च्या जगपाल सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्यास सांगितलं. माळासाठी वेगळा कायदा येईपर्यंत ही हत्यारं धार लावून वापरली पाहिजेत, असं या संग्रहातले वकील लेखक म्हणतात ते बरोबर आहे. अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजासोबत ‘संवेदना’ संस्थेने तणमोरासाठी आणि गवतासाठी जे काम केलं, त्यातून हेही दिसतं की ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याइतका माळ कुणाला वाचता येत नाही.

वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) आणि मेंढरं घेऊन पावसाळा संपताच कोकणाकडे उतरणारा आणि उन्हाळ्यानंतर पुन्हा माळावर परतणारा धनगर या पुस्तकात जागोजाग भेटेल. मेंढरं गवत खातात, लेंड्या टाकतात, पुढे जातात. लांडगा कधीमधी एखादं उचलतो, धनगर ते सोसतो, फार शिव्या देतो पण विष घालत नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुरणांवर लांडगा टिकून आहे तो बऱ्याच अंशी या सोसण्यावर. नवा कायदा लिहिताना चराई हा गुन्हा धरला, तर तो कायदा करेऱ्याच्याच वाटेने जाईल. चराई किती, कोणत्या महिन्यांत, कुणाची, हे ठरवणं मात्र गरजेचं आहे. माळव्यातल्या बीडाची जुनी रीत तेच ठरवत होती.

संग्रहाची मांडणी भूगोलाप्रमाणे केली आहे: आधी माळवा, मग दख्खन, मग थर आणि कच्छ, शेवटी बाहेरचे देश. परिशिष्टात माळरान कायद्याचा एक कच्चा मसुदा दिला आहे. त्यात तीन गोष्टी कळीच्या आहेत. महसुली दप्तरात माळरानाला पडीकपासून वेगळा रकाना मिळावा. पक्षी असो वा नसो, त्या रकान्यातल्या जमिनीचा वापर ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय बदलू नये. आणि सौर किंवा पवन प्रकल्पाला जागा शोधताना आधी छपरं, कालवे आणि खाणींनी उकरलेल्या जमिनी तपासणं बंधनकारक असावं. मसुद्याची भाषा सुधारायला खूप वाव आहे. महसूल कायद्याची जाण असणाऱ्यांनी, तलाठी आणि ग्रामसेवक म्हणून काम केलेल्यांनी, धनगर आणि रबारी पंचांनी तो वाचून त्यावर लाल शाईने लिहावं, अशी विनंती आहे. मसुदा मराठीत आणि हिंदीत शेजारी शेजारी छापला आहे तो त्यासाठीच. सैलान्याच्या आणि सरदारपूरच्या ग्रामसभांना तो आधी पाठवला जाणार आहे.

खजराना, इंदूर